कॅसिनोत पहिल्यांदा जाताय? मग तिथली सिक्युरिटी कशी बघायची ते आधी वाचा

इंदूरहून गोव्याला थेट विमान मिळायला लागल्यापासून आपल्याकडचे किती लोक कॅसिनो बघून आले याचा हिशोबच नाही. सियागंजच्या व्यापाऱ्यांच्या डीलर मीट तिकडे होतात, कुणाची अ‍ॅनिव्हर्सरी असते, कुणाचा बॅचलर ग्रुप निघतो, आणि एरवी दिवाळीत घरच्या घरी तीन पत्ती खेळणारी टिळक नगर, सुदामा नगरची आपली मंडळी सुद्धा एकदा बघून तर येऊ म्हणून पणजीच्या जेट्टीवर रांगेत उभी असतात. परत आल्यावर किती हरलो, बुफेत काय होतं, शो कसा होता हे सगळे सांगतात. पण नंतर निवांत बसल्यावर दोन-चार जण, त्यातही जास्त करून बायका, असंही सांगतात की तिथे मला बरं वाटत नव्हतं, एक माणूस सारखा मागे येत होता, किंवा बोटीवर इतकी गर्दी होती की जीव घाबरला, आणि सांगायचं कुणाला तेच कळेना.

हा लेख त्या लोकांसाठी आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे. खेळायचं कसं ते यात नाही, आणि खेळाच असंही मी म्हणत नाहीये.

आधी एक गोष्ट समजून घ्या, बाकी सगळं त्यातूनच निघतं. कॅसिनोत कॅमेरे भरपूर असतात, अगदी प्रत्येक टेबलाच्या डोक्यावर, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं इतका बंदोबस्त आहे तर आपल्याला काय होणार. पण तो बंदोबस्त मुळात पैशाचा आहे. पत्ते, चिप्स (पैशांच्या बदल्यात खेळायला मिळतात त्या चकत्या), पत्ते वाटणाऱ्या डीलरचे हात, कॅश काउंटर, यांच्यावर बारीक नजर असते. तुमच्या खुर्चीला टांगलेली पर्स, बाथरूमकडे जाणारा बोळ, दोन मजल्यांमधला जिना, जेट्टी आणि जेट्टीच्या बाहेरचा रस्ता, इथे कोण बघतंय हे प्रत्येक जागी वेगळं असतं, काही ठिकाणी खरंच चांगलं असतं आणि काही ठिकाणी कुणीच नसतं. ते कुठलं आहे हे तुम्हाला स्वतः जाऊन ओळखावं लागतं.

आपल्या इंदूरच्या माणसाला रात्रीची सवय आहे हे खरं. सराफ्यात रात्री एक वाजता पोरंबाळं घेऊन आपण भुट्ट्याचा कीस खातो आणि मनात भीती येत नाही. पण तिथे रस्ता ओळखीचा, दुकानदार ओळखीचा, आणि नको वाटलं तर कुठल्याही गल्लीतून दोन मिनिटांत बाहेर. पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीवर यातलं काहीच नाही, तिथून निघायचं तर फेरी बोट येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून तयारी घरूनच करायची.

पायरी १: जागा कायदेशीर आहे का

मध्य प्रदेशात कॅसिनो नाही. आपल्याकडे १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा लागू आहे, त्यामुळे बायपासजवळच्या कुठल्या फार्महाऊसवर "कॅसिनो नाईट आहे भिया, सगळं सेट आहे" असं कुणी म्हणालं तर जाऊच नका. रेड पडेल ही एक भीती झाली. पण मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते की तिथे काही झालं, कुणी मारलं, पैसे हिसकावले, बाईमाणसाला त्रास दिला, तर तुम्ही पोलिसांना फोन करायला कचरणार, कारण तुम्ही स्वतःच तिथे असायला नको होतं. आणि त्रास देणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. म्हणजे तिथे सिक्युरिटीचा प्रश्नच येत नाही.

देशात कायदेशीर कॅसिनो मुख्यतः गोव्यात आणि सिक्कीममध्ये. गोव्यात १९७६ चा जुगार कायदा आहे, त्यात १९९२ ला बदल करून पंचतारांकित हॉटेलात स्लॉट मशीनला परवानगी दिली आणि १९९६ ला बोटीवरच्या कॅसिनोला. लायसन्स तिथलं गृहखातं देतं, गेमिंग कमिशनर हे पदही २०२० पासून आहे, म्हणजे तक्रार करायला वर कुणीतरी आहे. प्रवेश २१ वर्षं पूर्ण असलेल्यांनाच. सिक्कीममध्ये २००२ चा स्वतंत्र कायदा आहे आणि कॅसिनो गंगटोकच्या मोठ्या हॉटेलांत आहेत. काठमांडूलाही आपले लोक जातात, पण तिथे आपले कायदे चालत नाहीत, त्यामुळे जाणार असाल तर भारतीय दूतावासाचा नंबर आणि नेपाळ पोलिसांचा १०० फोनमध्ये ठेवूनच जा. पुढचं सगळं मी गोवा डोळ्यासमोर ठेवून लिहितोय कारण आपल्याकडचे बहुतेक तिकडेच जातात.

पायरी २: बुकिंगच्या आधी परतीचं ठरवा

लोक आधी पॅकेज बघतात, मग हॉटेल, आणि रात्री अडीच वाजता जेट्टीवर उतरल्यावर विचार करतात की आता जायचं कसं. हे उलटं करा. गोव्यात ओला-उबर इंदूरसारखी मिळत नाही. गोवा माइल्स नावाचं अ‍ॅप आहे ते आधीच टाकून ठेवा, किंवा हॉटेलवाल्याकडून येण्याजाण्याची गाडी ठरवा आणि ड्रायव्हरचा नंबर, गाडीचा नंबर घेऊन ठेवा. कॅसिनोच्या रात्रीपुरतं तरी पणजीतच राहिलात तर फार बरं, कळंगुट-बागाचा रस्ता रात्रीचा लांब पडतो आणि दमलेल्या, प्यायलेल्या ग्रुपला तर फारच.

पॅकेज कॅसिनोच्या स्वतःच्या वेबसाईटवरून किंवा त्यांच्याच काउंटरवर घ्या. बागा-कळंगुटच्या रस्त्यावर "सर, कॅसिनो, क्लब, फ्री एंट्री" करत मागे लागणारे असतात, त्यांच्याबरोबर जाऊ नका. पर्यटकांना असं बोलावून भलत्याच क्लबमध्ये नेऊन मोठ्ठं बिल लावायचं आणि दमदाटी करून वसूल करायचं, अशा तक्रारी तिथल्या पोलिसांकडे गेलेल्या आहेत, आणि यात अडकतात ते जास्त करून एकटे किंवा दोघं-तिघं मुलगे. घरी सांगायची लाज वाटते म्हणून बरेच जण पैसे देऊन गप्प बसतात.

बुकिंगच्या आधी एक फोन करा आणि सरळ विचारा. रात्री फेरी किती वाजेपर्यंत आणि दर किती वेळाने आहे, लेडी गार्ड आहेत का, सामान ठेवायला लॉकर आहे का, कुणाची तब्येत बिघडली तर बोटीवर डॉक्टर किंवा फर्स्ट एड आहे का. समोरचा काय सांगतो यापेक्षा कसं सांगतो ते ऐका. ज्याला हे माहीत आहे तो पटकन सांगतो. जो "मॅडम टेन्शन मत लो, सब है" एवढंच म्हणतो त्याच्याकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पैशांचं असं करा की मुख्य खात्याचं डेबिट कार्ड हॉटेलच्या सेफमध्येच राहू द्या, बरोबर एक कार्ड ज्याची लिमिट तुम्ही बँकेच्या अ‍ॅपवरून कमी करून ठेवलीय, आणि यूपीआयचीही रोजची मर्यादा कमी करून ठेवा. हे हरण्याच्या भीतीने नाही सांगत, ते तुमचं तुम्ही बघा, कुणी धमकावून फोनवरून पैसे ट्रान्सफर करायला लावले तर जास्त जाऊ नयेत म्हणून सांगतोय. ओळखपत्र ओरिजिनल लागतं, त्याचा फोटो घरी कुणाकडे तरी पाठवून ठेवा. आणि इंदूरला एका माणसाला, जो रात्री फोन उचलतो अशा, लाईव्ह लोकेशन शेअर करा.

लहान मुलांना नेऊ नका. काही ठिकाणी मुलांसाठी वेगळी खोली असते हे मान्य, पण आईवडील एका मजल्यावर आणि पोरं दुसऱ्या मजल्यावर, चारी बाजूंनी पाणी, हे मला पटत नाही.

पायरी ३: जेट्टी आणि फेरी बोट

सिक्युरिटी कशी आहे हे कळायला पहिली जागा हीच. बॅग खरंच तपासतात का, की मशीन बीप करतंय आणि गार्ड मोबाईल बघतोय? बायकांची तपासणी बाईच करतेय का आणि आडोशाला करतेय का? ओळखपत्रावरचा फोटो बघतात का नुसतं घेऊन परत देतात? आता आपल्यालाही रांगेत कंटाळा येतो, आणि पटकन सोडलं तर बरंच वाटतं, पण ज्या गार्डने तुम्हाला न बघता सोडलं त्याने तुमच्या मागच्यालाही न बघताच सोडलेलं असतं.

फेरी बोटीत चढताना लाईफ जॅकेट कुठे आहेत ते बघा. देत असतील तर घाला, फोटो खराब होईल म्हणून हातात धरू नका. बोट डोळ्याला भरलेली दिसतेय तर सरळ थांबा, पुढच्या फेरीने जा, तिथे कुणी बक्षीस देत नाही आधी पोचल्याचं. पावसाळ्यात, जून ते ऑगस्ट, शक्यतो बोटीवर जाऊच नका. जुलै २०१७ मध्ये मांडवीत आणली जात असलेली एक अख्खी कॅसिनो बोट भरकटून मिरामारजवळ वाळूत रुतली होती, एवढं मोठं जहाज असं होतं तर छोट्या फेरीचं काय. पावसाळ्यात कॅसिनो करायचाच असेल तर जमिनीवरच्या हॉटेलातला बघा, नको वाटलं की दारातून बाहेर पडता येतं.

पायरी ४: आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं खेळू नका

चिप्स घेऊ नका, ड्रिंक घेऊ नका, नुसतं फिरा. हा भाग मी जरा लांब लिहितोय कारण लोक नेमका हाच सोडतात.

बाहेर पडायचे दरवाजे शोधा, एक नाही, निदान दोन. आलात तो एक झाला. दुसऱ्या दारापर्यंत चालत जा आणि बघा की ते उघडं आहे का, त्याच्यासमोर खुर्च्या, क्रेट, सामान रचलेलं आहे का, कुलूप आहे का. कॅसिनोत खिडक्या नसतात बहुतेक, घड्याळ नसतं, लाईट एकसारखा, गालिचा एकसारखा, त्यामुळे दोन ड्रिंकनंतर दिशा कळत नाही, आणि धूर झाला तर अजिबातच नाही.

मी हे उगाच घाबरवायला म्हणत नाहीये, आत्तापर्यंत जे झालंय ते बघून सांगतोय. २१ नोव्हेंबर १९८० ला लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँडमध्ये कॅसिनोला लागून असलेल्या रेस्टॉरंटमध्ये आग लागली, ८५ माणसं गेली, आणि त्यातली जास्त आगीजवळ नव्हतीच, वरच्या मजल्यांवर होती, धुराने गुदमरली. २५ ऑगस्ट २०११ ला मेक्सिकोत मॉन्टेरेच्या कॅसिनोत हल्लेखोरांनी पेट्रोल ओतून आग लावली, ५२ जण गेले, तिथे इमर्जन्सीचे दरवाजे बंद होते. आणि २ जून २०१७ ला मनिलाच्या रिसॉर्ट्स वर्ल्डमध्ये एकटा माणूस बंदूक घेऊन सिक्युरिटी चेक न करताच आत घुसला, त्याने टेबलं पेटवली, ३७ पाहुणे आणि कर्मचारी धुराने गेले, बरेच जण जिथे लपले होते तिथेच. म्हणजे तीन देश, तीन वेगळी कारणं, आणि माणसं गेली ती धूर आणि दरवाजा या दोनच गोष्टींनी. आपल्याकडचं तर ताजं आहे, ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री गोव्यातच हडफड्याच्या नाईटक्लबला आग लागून २५ जण गेले, त्यात तिथे काम करणारी पोरं किती तरी, तळघरातल्या किचनमध्ये अडकलेली. तो कॅसिनो नव्हता, पण रात्रीची गर्दी, बंद हॉल आणि निघायला अरुंद वाट, हे सगळं तेच.

त्यामुळे दरवाजे बघताना लाज वाटू देऊ नका. कुणी विचारलं काय शोधताय तर सांगा इमर्जन्सी एक्झिट बघतोय. चांगल्या ठिकाणी स्टाफ स्वतः येऊन दाखवतो, आणि "उसकी जरूरत नहीं पड़ेगी सर" असं म्हणाला तर त्यावरूनच तुम्हाला कळलं पाहिजे. धूर झालाच तर बाथरूममध्ये लपू नका, खाली वाकून बाहेर, लिफ्ट नाही, आणि चिप्स गोळा करायला थांबायचं नाही. बोटीवर असाल तर उघड्या डेककडे.

याच दहा मिनिटांत आणखी काही बघून ठेवा. गार्ड उभे आहेत ते फक्त कॅश काउंटरपाशी, की बाथरूमच्या बोळातही आहेत? बोळात आणि जिन्यात लाईट आहे का? खूप प्यायलेला माणूस टेबलावर आरडाओरडा करतोय तर त्याला कुणी बाजूला नेतं का, की मोठा खेळणारा आहे म्हणून सगळे हसून घेतायत? हे शेवटचं मी फार महत्त्वाचं समजतो. जिथे पैसेवाल्या गिऱ्हाईकाला सगळं माफ आहे तिथे तुमची तक्रार कुणी ऐकणार नाही, ते आधीच धरून चाला.

फिरून झाल्यावर मन मानत नसेल तर पॅकेजचे पैसे गेले म्हणायचं आणि परत फिरायचं. एवढे भरलेत तर थोडं तरी बसू, या विचाराने लोक थांबतात.

पायरी ५: बसल्यावर

पर्स खुर्चीला टांगू नका, मांडीवर किंवा आडवी गळ्यात. फोन टेबलावर ठेवू नका. चिप्स ढिगाने समोर मांडू नका, थोड्या समोर आणि बाकी खिशात, चेन असलेल्या. ड्रिंक बारवर आपल्यासमोर ओतून घ्या, टेबलावर सोडून गेलात तर परत आल्यावर ते पिऊ नका, दुसरं घ्या, पॅकेजमध्ये तसंही असतंच ते. ग्रुपमध्ये निदान एकाने प्यायचं नाही, आधीच ठरवून.

अनोळखी माणूस फार गोड बोलून खेळायला शिकवायला लागला, किंवा तुम्ही जिंकताय तर खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, तर सरळ टेबल बदला. आणि हरलेल्या माणसाला उधार देणारे असतात, फोन ठेव, गाडीची चावी ठेव, मैं दे देता हूँ. त्यांच्याशी बोलूच नका. आतला गार्ड त्या माणसाला ओळखतो असं दिसलं तर त्याच रात्री तिथून निघा. पुढची वसुली टेबलावर होत नाही, पार्किंगमध्ये होते, हॉटेलच्या खोलीवर होते, आणि इंदूरला घरी फोन येतात.

बायकांसाठी एकच, बाथरूमला दोघींनी जा. यात घाबरटपणा नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका वहिनींच्या मागे एक माणूस तीन टेबलं बदलली तरी येत राहिला, त्यांनी गार्डला सांगितलं, तर गार्ड म्हणाला मॅडम पब्लिक प्लेस आहे, कोणी पण उभं राहू शकतं. त्या अर्धा तास तशाच बसून राहिल्या, नवऱ्याचा खेळ मोडायला नको म्हणून. गार्डला हटकायचं कसं आणि त्याच्या वर कुणाकडे जायचं हे माहीत असतं तर तो अर्धा तास वाचला असता. म्हणून ही पुढची पायरी नीट वाचा.

पायरी ६: भीती वाटली की काय करायचं, कुणाला काय सांगायचं

पहिलं, आपल्या माणसाजवळ जा, खेळ चालू असला तरी. नवरा, भाऊ, मित्र, जो असेल त्याने तो डाव सोडून उठायचं. हे घरूनच बोलून ठेवा, एक खूण ठरवा, की मी अशी खांद्यावर थाप मारली की काही न विचारता उठायचं.

दुसरं, गार्डशी वाद घालत बसू नका, त्याच्या हातात काही नसतं. प्रत्येक टेबलांच्या गटावर सूट घातलेला एक माणूस असतो, पिट बॉस म्हणतात, त्याच्याकडे जा, आणि त्याला म्हणा ड्युटी मॅनेजरला बोलवा. बोलताना "मला अनकम्फर्टेबल वाटतंय" असं मोघम सांगू नका, कारण त्याच्यावर ते पाणी देतात आणि बसा म्हणतात. असं सांगा: निळा शर्ट घातलेला हा माणूस साडेअकरापासून माझ्या मागे आहे, तीन टेबलं बदलली, तुमच्या गार्डला सांगितलं त्याने काही केलं नाही, मला हे लिहून द्यायचंय आणि या वेळेचं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवा. वेळ, जागा, माणूस, आणि तुम्हाला काय हवंय. रेकॉर्डिंग आणि लिहून देणं हे दोन शब्द आले की मॅनेजरचा सूर बदलतो, कारण आता गोष्ट कागदावर येणार.

आत फोटो-व्हिडिओ काढायला मनाई असते, काढायला गेलात तर भांडण त्यावरच होईल आणि मूळ गोष्ट राहून जाईल. त्याऐवजी स्वतःलाच किंवा घरच्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅप करा, काय झालं, कुठे, किती वाजता, कुणाला सांगितलं, तो काय म्हणाला. त्यावर वेळ आपोआप पडते आणि पुढे फार कामाला येतं.

मॅनेजरने ऐकलं नाही, किंवा प्रकरण हाताबाहेर जातंय, तर ११२. गोव्यातही हाच नंबर आहे. बोटीवर असलात तरी लावा, बोटीचं नाव आणि पणजी सांगा. फोन लावताना मॅनेजरसमोर उभं राहून लावला तर आणखी बरं.

परत जायचं तर फेरीपर्यंत स्टाफमधल्या एकाला बरोबर मागा, आणि जेट्टीपासून गाडीपर्यंतही. देतात. मागितलं नाही तर देत नाहीत.

बाउन्सरने तुम्हालाच अडवलं तर? म्हणजे समजा भांडण झालं आणि ते म्हणतात मागच्या खोलीत चला. जाऊ नका, म्हणा जे बोलायचं ते इथेच, सगळ्यांसमोर. बाउन्सर पोलिस नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे कुठलाही सामान्य माणूस त्याच्यासमोर गंभीर, अजामीनपात्र गुन्हा झाला तर एखाद्याला धरू शकतो, पण उगाच उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांकडे द्यावंच लागतं. फोन काढून घेणं, खोलीत बसवून ठेवणं, सही घेणं, हे त्याच्या अधिकारात येत नाही. कोंडून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेत कलम १२७ चा गुन्हा आहे, धमकी ३५१, धमकावून पैसे घेणं ३०८. कलमं तिथे म्हणून दाखवायची नाहीत, माणूस आणखी चिडतो. शांतपणे एवढंच म्हणायचं, "पोलिसांना बोलवा, मी थांबतो." गार्ड बाहेरच्या एजन्सीचा असेल तर २००५ च्या खाजगी सुरक्षा कायद्याप्रमाणे त्याच्याकडे फोटोचं ओळखपत्र असायला हवं, त्याचं नाव वाचून ठेवा.

पायरी ७: जिंकलात तर

हरलेल्या माणसाकडे बाहेर कुणी बघत नाही, जिंकलेल्याकडे बघतात. काउंटरवर ओरडू नका, नोटा उघड्यावर मोजू नका, मोठी रक्कम असेल तर बँक ट्रान्सफर मागा. दोन लाख किंवा त्याच्या वर रोख घेणं तसंही आयकर कायद्यात बसत नाही, त्यामुळे मागायला संकोच नको. मग तडक गाडीत. मध्ये कुठे चहा नाही, सेल्फी नाही.

पायरी ८: काही झालंच तर पुढचे दोन दिवस

त्याच रात्री कॅसिनोला ई-मेल करा, तारीख, वेळ, टेबल किंवा जागा लिहून, आणि त्यात स्पष्ट लिहा की अमुक ते अमुक वेळेचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवावं. फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तुम्ही इंदूरला येऊन महिनाभराने विचाराल तर काही हाताला लागणार नाही. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या, तिकडेच. कार्ड, यूपीआयचं काही झालं असेल तर बँकेला लगेच आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन.

पोलिसात तिथे जमलं नाही, फ्लाईट होती, घाबरला होता, काही हरकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठेही झालेला असो, कुठल्याही पोलिस ठाण्यात एफआयआर देता येतो. झीरो एफआयआर म्हणतात तो. म्हणजे इंदूरला तुमच्या भागातल्या ठाण्यातही, आणि ते पुढे गोव्याला पाठवतात. ठाण्यात कुणी म्हणालं की गोवा का मामला है, वहीं जाओ, तर नम्रपणे झीरो एफआयआर म्हणा आणि हललं नाही तर डीसीपी ऑफिसला लेखी द्या. एफआयआरची प्रत फुकट मिळते, घेतल्याशिवाय उठू नका. बायकांनी सोबत कुणाला तरी घेऊन जावं, आणि बाईच्या अंगाला हात लावणं, पाठलाग करणं हे न्याय संहितेतल्या ७४ आणि ७८ कलमाचे गुन्हे आहेत, त्यामुळे "एवढं तर होतंच तिकडे" असं कुणी म्हणालं, घरातलं सुद्धा, तरी ऐकू नका.

आणि सिक्युरिटीच ढिसाळ होती, तुम्ही सांगूनही त्यांनी काही केलं नाही, तर ही सेवेतली कमतरता आहे, तुम्ही पॅकेजचे पैसे भरलेत, म्हणजे ग्राहक आहात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार तुम्ही राहता तिथे करता येते, म्हणजे गोव्याला खेटे न घालता इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या सेवेला फी नाही, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरी बसून भरता येते. आधी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून विचारून घ्या, हिंदीत नीट सांगतात. तक्रारीला पॅकेजची पावती, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट, त्या रात्रीचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, कॅसिनोला पाठवलेला मेल आणि त्यांचं उत्तर, आलं असेल तर, आणि नसेल आलं तर तेही लिहून, एफआयआरची प्रत, दवाखान्याचा कागद, एवढं जोडा. गेमिंग कमिशनरच्या नावाने एक प्रत गोव्याला पोस्टाने, रजिस्टर्ड, पावती जपून ठेवून.